डीटर राम्स यांचा औद्योगिक अभिकल्प आणि अल्पतावादी गृहरचना : एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील मध्यमवर्गीय घराचे अंतरंग मोठ्या प्रमाणावर पालटले. कोरीवकामाने नटलेली अवजड कपाटे, झालरींचे पडदे आणि दिवाणखान्याच्या मध्यभागी मिरवणारी शोभेची लाकडी पेटी हे सारे हळूहळू मागे पडले. त्यांच्या जागी पांढऱ्या भिंती, मोजके सामान, सरळ रेषा आणि मोकळी जमीन या गोष्टी अभिरुचीच्या खुणा मानल्या जाऊ लागल्या. या प्रवृत्तीला ‘मिनिमलिझम’ असे नाव मिळाले. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘अल्पतावाद’ हा शब्द योजिला आहे.

या परिवर्तनाचे श्रेय सामान्यतः वास्तुरचनाकारांना दिले जाते आणि ते सर्वस्वी चुकीचे नाही. तथापि वास्तुरचनाकार भिंत उभारतो. त्या भिंतीला टेकून काय उभे राहावे, टेबलावर काय असावे, हाताला कोणते बटण लागावे, हे बहुतांशी वस्तूंचा अभिकल्पकार, म्हणजेच डिझाइनर, ठरवीत असतो. त्यामुळे घराच्या अंतरंगाचा इतिहास लिहिताना औद्योगिक अभिकल्पकारांच्या कार्याकडे दुर्लक्ष करणे इष्ट ठरत नाही. या दृष्टीने जर्मन अभिकल्पकार डीटर राम्स (जन्म १९३२) यांचे कार्य विशेष लक्षणीय आहे. ‘ब्राउन’ या विद्युत उपकरणांच्या कंपनीसाठी आणि ‘व्हिट्सो’ या फर्निचर कंपनीसाठी त्यांनी केलेल्या कामाचा ठसा आजच्या अल्पतावादी घरावर स्पष्टपणे उमटलेला दिसतो.

परंतु हा ठसा नेमका कशाचा आहे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. रिकामी, पांढरी, जवळजवळ निर्मनुष्य भासणारी खोली आणि तिच्यात राम्स यांची एखादी खुर्ची, असे चित्र सजावटीच्या नियतकालिकांतून वारंवार छापले जाते. त्यावरून राम्स यांची शिकवण ‘घर रिकामे करा’ अशी असावी, असा समज होतो. त्यांच्या वस्तूंचा, त्या वस्तू ज्या परिस्थितीत निर्माण झाल्या तिचा आणि त्यांच्या स्वतःच्या घराचा विचार केला असता वेगळेच चित्र समोर येते. राम्स यांना अभिप्रेत असलेली अल्पता मुख्यतः पुनःपुन्हा बदलण्याची, टाकून देण्याची आणि नव्याने विकत घेण्याची होती. सामानाच्या संख्येचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने दुय्यम होता. त्यांच्या विचारातील हा गाभा मागे पडून केवळ बाह्य रूप कसे उरले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी : सुतारकाम, युद्धोत्तर जर्मनी आणि उल्म

राम्स यांचा जन्म वीस्बाडेन येथे झाला. त्यांचे आजोबा सुतारकामात निष्णात होते आणि लाकडाच्या पृष्ठभागावर हाताने काम करण्याची त्यांची पद्धत नातवाने लहानपणी जवळून पाहिली होती. १९४७ मध्ये राम्स यांनी वीस्बाडेनच्या कलाशाळेत प्रवेश घेतला. मध्यंतरी शिक्षण थांबवून त्यांनी सुतारकामाची रीतसर उमेदवारी केली आणि १९५३ मध्ये अंतर्गत वास्तुरचनेचे शिक्षण पूर्ण केले. त्यानंतर फ्रँकफर्ट येथील वास्तुरचनाकार ओटो आपेल यांच्या कार्यालयात त्यांनी काम केले. १९५५ मध्ये ते ब्राउन कंपनीत रुजू झाले ते वास्तुरचनाकार व अंतर्गत सजावटकार म्हणून, ही बाब येथे आवर्जून नोंदविली पाहिजे. उपकरणांकडे ते खोलीच्या वाटेने आले. उपकरणाची आकृती ठरविताना ते कोणत्या खोलीत, कशाच्या शेजारी, किती वर्षे राहणार आहे, हा विचार त्यांच्या कामात प्रथमपासून दिसतो तो यामुळेच.

ज्या काळात हे घडत होते तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन शहरे बेचिराख झाली होती. पश्चिम जर्मनीत १९५० साली गृहनिर्माणाचा पहिला कायदा संमत झाला आणि लहान सदनिकांच्या इमारती झपाट्याने उभ्या राहू लागल्या. घरे नवी आणि आटोपशीर होती, पण त्यांत येणारे सामान मात्र बहुधा जुन्या वळणाचे असे. फुगीर, चकचकीत, नक्षीदार कपाटांच्या या शैलीला जर्मन भाषेत ‘गेल्सेनकिर्शेनर बारोक’ असे उपरोधिक नाव पडले होते. कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या एका औद्योगिक शहराचे नाव राजेशाही बारोक शैलीला जोडून केलेला हा विनोद आहे. त्यात वर्गीय तुच्छता आहे हे खरे. परंतु सर्वस्व गमावलेल्या कुटुंबांना वजनदार कपाट हा स्थैर्याचा दिलासा वाटत होता, हेही त्यातून सूचित होते.

याच काळात, १९५३ मध्ये, उल्म येथे अभिकल्पाचे उच्च विद्यालय स्थापन झाले. इंगे शोल, ओटल आयशर आणि माक्स बिल हे त्याचे संस्थापक होत. नाझी राजवटीला विरोध केल्याबद्दल १९४३ मध्ये मृत्युदंड दिल्या गेलेल्या हान्स आणि सोफी शोल या भावंडांची इंगे ही थोरली बहीण. भावंडांच्या स्मृतीतून उभ्या राहिलेल्या या संस्थेत साध्या, सुबोध आणि प्रामाणिक वस्तूंचा आग्रह हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नव्हता. भव्यता, भपका आणि समूहाला भारून टाकणारी दृश्ये यांचा राजकीय वापर ज्या समाजाने नुकताच अनुभवला होता, त्या समाजात साधेपणाला नैतिक अर्थ प्राप्त झाला होता. १९६८ मध्ये हे विद्यालय बंद पडले. तथापि पंधरा वर्षांच्या अल्प आयुष्यात त्याने टाकलेला प्रभाव दूरवर पोहोचला.

ब्राउन कंपनीची स्थापना माक्स ब्राउन यांनी १९२१ मध्ये फ्रँकफर्ट येथे केली होती. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर आर्टूर आणि एर्विन या दोघा मुलांनी कारभार हाती घेतला. त्यांनी फ्रिट्झ आइश्लर यांच्या मार्गदर्शनाखाली उल्मच्या विद्यालयाशी सहकार्य सुरू केले. १९५५ च्या ड्युसेलडॉर्फ येथील रेडिओ प्रदर्शनात ब्राउनची नवी उपकरणे मांडली गेली, तेव्हा इतर कंपन्यांच्या दालनांपासून त्यांचे वेगळेपण चटकन नजरेत भरणारे होते. राम्स कंपनीत आले ते याच वर्षी. अर्थात ज्याला आपण आज ‘राम्स यांची शैली’ म्हणतो तिचा आरंभ त्यांच्या आगमनापूर्वी झाला होता, हे इतिहासकाराने विसरता कामा नये.

रेडिओ कपाटाबाहेर येतो

त्या काळातील रेडिओ किंवा ध्वनिमुद्रिका वाजविण्याचे यंत्र हे फर्निचरचा वेश धारण करून घरात येत असे. गडद पॉलिश केलेल्या लाकडी पेटीत, सोनेरी पट्ट्या आणि जाळीदार कापडामागे यंत्र दडविलेले असे. पेटी दिवाणखान्यातील मानाची जागा अडवी आणि उरलेले सामान तिच्या तोलाचे असावे, अशी अपेक्षा आपोआप निर्माण होई. म्हणजे एका उपकरणाचा वेश साऱ्या खोलीचे वळण ठरवीत होता.

१९५६ मध्ये हान्स गुगेलो आणि राम्स यांनी ‘एसके ४’ हे रेडिओ व रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेले उपकरण तयार केले. वाकविलेल्या पांढऱ्या पत्र्याचे अंग, दोन्ही बाजूंना फिकट लाकडाच्या फळ्या आणि वरच्या बाजूस उघडपणे मांडलेली बटणे असे त्याचे स्वरूप होते. झाकण आरंभी धातूचे योजले होते. परंतु आवाज वाढताच ते थरथरत असे. त्यावर उपाय म्हणून राम्स यांनी पारदर्शक अॅक्रिलिकचे झाकण सुचविले. व्यावहारिक अडचणीतून निघालेला हा तोडगा पुढे जगभरच्या रेकॉर्ड प्लेअरचे लक्षण बनला. प्रतिस्पर्ध्यांनी थट्टेने या उपकरणाला ‘हिमगौरीची शवपेटी’ म्हटले आणि तेच नाव पुढे कौतुकाने रूढ झाले.

गृहरचनेच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व असे की, यंत्राने यंत्रासारखे दिसण्यात संकोच वाटेनासा झाला. उपकरण फर्निचरची भूमिका सोडून देते तेव्हा त्याला मानाची जागा लागत नाही. ते फळीवर बसू शकते, टेबलावर राहू शकते, चारही बाजूंनी पाहता येते. १९५७ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या ‘इंटरबाऊ’ या वास्तुप्रदर्शनातील नमुना-सदनिकांमध्ये ब्राउनची उपकरणे मांडण्यात आली होती. नव्या वास्तुरचनेला शोभणारी वस्तू म्हणून त्यांची ओळख येथे दृढ झाली. पुढे १९६० च्या दशकात राम्स यांनी ध्वनिक्षेपक, रेडिओ व टेप-यंत्र वेगवेगळे करून ते भिंतीवर एका ओळीत टांगता येतील अशी रचना केली. एकेकाळी जमीन अडविणारी पेटी आता भिंतीवरील काही सपाट चौकटींत विसावली आणि मोकळी जमीन ही केवळ श्रीमंतांच्या प्रशस्त घराची मिरासदारी उरली नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ब्राउनचे अभिकल्प हे सामूहिक कार्य होते. गुगेलो यांच्याखेरीज गेर्ड आल्फ्रेड म्युलर, राइनहोल्ड वाइस, डीट्रिश लुब्स आदींचा त्यात मोलाचा वाटा आहे. राम्स १९६१ पासून १९९५ पर्यंत अभिकल्प विभागाचे प्रमुख होते. त्यामुळे विभागाचे बरेच काम लोकस्मृतीत त्यांच्या एकट्याच्या नावे जमा झाले. एका व्यक्तीच्या प्रतिभेची कथा सांगण्यास सोपी असते. इतिहास मात्र कार्यशाळेचा लिहावा लागतो.

भिंतीवरची मांडणी

१९५९ मध्ये निल्स व्हिट्सो आणि ओटो त्साफ यांनी राम्स यांचे फर्निचर तयार करण्यासाठी कंपनी काढली. दुसऱ्या कंपनीसाठी काम करण्यास एर्विन ब्राउन यांनी राम्स यांना संमती दिली. फर्निचर चांगले असेल तर शेजारच्या रेडिओलाही उठाव येईल, हा व्यवहारी विचार त्यामागे असावा. १९६० मध्ये ‘६०६’ ही भिंतीवरची मांडणी आणि १९६२ मध्ये ‘६२०’ ही आसनव्यवस्था अस्तित्वात आली.

‘६०६’ ची घडण सांगण्यासारखी आहे. अॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या भिंतीवर ठोकायच्या. पत्र्याच्या फळ्या त्यांवर धातूच्या लहान खुंट्यांनी अडकवायच्या. एकदा पट्टी बसली की फळी वर-खाली हलविण्यास हत्यार लागत नाही. फळीच्या जागी कपाट, खण किंवा टेबल येऊ शकते. भिंतीवर ठोकणे शक्य नसेल तर जमीन आणि छत यांच्यामध्ये ताणून बसविलेल्या खांबांवर हीच मांडणी उभी राहते. घर बदलले की ती उतरवून नेता येते, कुटुंब वाढले की वाढविता येते. १९६० पासून तिचे उत्पादन अखंड चालू राहिले असून नंतरच्या सुधारणा करतानाही जुन्या मांडणीला नवे भाग जोडता यावेत ही अट पाळण्यात आली आहे. ‘६२०’ खुर्चीची कल्पनाही अशीच आहे : दोन खुर्च्या जोडून बाक करता येतो, हात आणि पाठ बदलता येते, झिजलेले आवरण काढून नवे चढविता येते.

भिंतीवर टांगलेल्या फळ्यांची कल्पना सर्वस्वी राम्स यांची नव्हती. डेन्मार्कमध्ये पोल काडोव्हियस यांनी १९४८ मध्ये आणि स्वीडनमध्ये निल्स स्ट्रिनिंग यांनी १९४९ मध्ये अशा रचना सादर केल्या होत्या. गुगेलो यांचीही विभागांनी जोडण्याची फर्निचर-प्रणाली याआधीची आहे. राम्स यांचे वैशिष्ट्य अन्यत्र शोधावे लागते. त्यांनी मांडणीला दिसण्यापासून जवळपास निवृत्त केले. फिकट रंगाची, पातळ, नक्षीविरहित फळी भिंतीत मिसळून जाते आणि नजर तिच्यावरील पुस्तकांवर, भांड्यांवर, ध्वनिमुद्रिकांवर स्थिरावते. म्हणजे ही मांडणी माणसाजवळ सामान असणार, ते वाढणार, बदलणार हे गृहीत धरून केलेली आहे. ज्याला रिकामी भिंत हवी आहे त्याला फळीची गरजच काय? राम्स यांच्या सर्वाधिक प्रसिद्ध फर्निचरचा उद्देश संचयाला वळण लावणे हा आहे, संचय नाकारणे हा नव्हे. अल्पतावादाच्या प्रचलित कल्पनेशी हे विसंगत आहे आणि म्हणूनच ते महत्त्वाचे आहे.

क्रोनबेर्ग येथील घर

१९७१ मध्ये राम्स क्रोनबेर्ग येथील आपल्या घरात राहावयास गेले. ब्राउन कंपनी ज्या गावी होती त्याच गावातील ‘रोटर हांग’ या वसाहतीत हे घर आहे. भिंती पांढऱ्या, जमिनीवर पांढऱ्या फरशा, ‘६२०’ ची आसने, भिंतीवर ‘६०६’, तिच्यावर ब्राउनची उपकरणे, बाहेर जपानी बागेची आठवण देणारी छोटी बाग आणि आत कार्यशाळा, असे त्याचे स्वरूप छायाचित्रांतून परिचित आहे. त्यांच्या पत्नी इंगेबोर्ग या व्यवसायाने छायाचित्रकार होत्या.

हे घर पाहिले असता दोन गोष्टी जाणवतात. पहिली अशी की, ते रिकामे नाही. पुस्तके आहेत, चित्रे आहेत, हत्यारे आहेत, रोपे आहेत. प्रत्येक वस्तूला जागा आहे एवढेच. दुसरी अशी की, ते बदललेले नाही. दशकामागून दशके गेली तरी त्याच खुर्च्या, तीच मांडणी तेथे वापरात राहिली. आपण तयार केलेल्या वस्तू स्वतः दीर्घकाळ वापरून पाहणे हा या घराचा एक उद्देश होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. अल्पतेचे मोजमाप एखाद्या दिवशी खोलीत किती वस्तू आहेत यावर करावयाचे, की चाळीस वर्षांत तेथून किती वस्तू बाहेर फेकल्या गेल्या यावर करावयाचे, हा प्रश्न हे घर आपल्यापुढे ठेवते. पहिले मोजमाप छायाचित्रात मावते, दुसरे मावत नाही. सजावटीच्या नियतकालिकांनी पहिले का उचलले याचे उत्तर या साध्या वस्तुस्थितीत आहे.

विचाराकडून शैलीकडे

राम्स यांनी आपला विचार स्पष्ट शब्दांत मांडला नव्हता असे नाही. १९७६ मध्ये न्यूयॉर्क येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी नैसर्गिक साधनांच्या ऱ्हासाचा उल्लेख केला. आपण घरे, शहरे आणि निसर्ग निरुपयोगी वस्तूंच्या गोंधळाने ज्या बेफिकिरीने भरून टाकीत आहोत ती पाहून भावी पिढ्या अस्वस्थ होतील, अशा आशयाचा इशाराही त्यांनी दिला. पुढे प्रसिद्धी पावलेल्या त्यांच्या दहा तत्त्वांमध्ये चांगला अभिकल्प नावीन्यपूर्ण, उपयुक्त, सुंदर, सुबोध, संयत, प्रामाणिक, टिकाऊ, बारकाव्यांत चोख, पर्यावरणाची काळजी वाहणारा आणि शक्य तितका अल्प असावा असे सांगितले आहे. ‘अल्प’ हे दहावे तत्त्व आहे. त्याआधी ‘टिकाऊ’ आणि ‘पर्यावरण’ येतात, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या शीर्षकाचा आशयही ‘कमी, पण अधिक चांगले’ असाच आहे. त्यातील उत्तरार्ध वगळून पूर्वार्धच तेवढा लोकप्रिय झाला.

अल्पतावाद ही संज्ञा मुळात कलासमीक्षेतून आली. ‘मिनिमल आर्ट’ हा शब्दप्रयोग तत्त्वज्ञ रिचर्ड वोल्हाइम यांनी १९६५ मध्ये रूढ केला आणि तो प्रामुख्याने अमेरिकन शिल्पकलेला लागू झाला. १९८० च्या दशकानंतर तो घरे आणि दुकाने यांच्या सजावटीला चिकटला. इंग्लिश वास्तुरचनाकार जॉन पॉसन यांनी न्यूयॉर्क येथे कॅल्व्हिन क्लाइन यांच्यासाठी केलेले दुकान १९९५ मध्ये उघडले. मोकळी जागा, फिकट दगडी जमीन आणि जवळजवळ अदृश्य सामान हे त्याचे रूप पुढे उच्चभ्रू अभिरुचीचा मानदंड बनले. येथे रिकामेपण ही स्वतःच एक महागडी वस्तू झाली, कारण महानगरातील प्रत्येक चौरस फूट विकत घ्यावा लागतो. राम्स यांच्या मांडणीचा उगम लहान सदनिकेत कसे मावावे या प्रश्नात होता. नव्या अल्पतावादाचा उगम मोठी जागा रिकामी ठेवण्याच्या ऐपतीत आहे. दोहोंचे बाह्य रूप जुळते, सामाजिक आशय मात्र भिन्न आहे.

या रूपांतराचा पुढचा टप्पा संगणकीय उपकरणांचा आहे. अॅपल कंपनीचे अभिकल्पकार जोनाथन आइव्ह यांनी राम्स यांचे ऋण उघडपणे मान्य केले. २०११ मध्ये राम्स यांच्यावर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाला त्यांनी प्रास्ताविक लिहिले. २००७ च्या पहिल्या आयफोनमधील गणकयंत्राचे चित्र राम्स आणि लुब्स यांच्या १९८७ मधील ‘ईटी ६६’ या गणकयंत्राची सरळ आठवण करून देणारे होते. रेडिओ, घड्याळ, गणकयंत्र, कॅमेरा आणि ध्वनिमुद्रिकांचा संग्रह असे सारे एका हातातील चकतीत सामावले आणि घरातील फळ्या खरोखरच रिकाम्या होऊ लागल्या. परंतु ती चकती काही वर्षांतच बदलावी लागते. खोली अल्पतावादी दिसू लागली. टाकून देण्याचा वेग मात्र वाढला. राम्स यांच्या आकृतीचा विजय आणि त्यांच्या आशयाचा पराभव एकाच वस्तूत घडून आला, असे म्हणावे लागते.

अंतर्विरोध आणि मर्यादा

हा दोष केवळ अनुयायांच्या माथी मारून राम्स यांना मोकळे करता येणार नाही. त्यांच्या स्वतःच्या कार्यातही अंतर्विरोध होते. ज्या व्यक्तीने अनावश्यक वस्तूंविरुद्ध इशारा दिला तीच व्यक्ती ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीत चार दशके कार्यरत होती. १९६७ मध्ये अमेरिकेतील जिलेट कंपनीने ब्राउनवर ताबा मिळविला, त्यानंतर दरवर्षी नवी उपकरणे बाजारात आणण्याचा दबाव वाढणे क्रमप्राप्त होते. १९९० च्या दशकारंभी ब्राउनने उच्च प्रतीची ध्वनिउपकरणे तयार करणेच थांबविले. वस्तू कितीही टिकाऊ घडविली तरी तिचे सुटे भाग, दुरुस्ती आणि सातत्य निर्मात्याच्या धोरणावर अवलंबून असते. व्हिट्सोचे जर्मनीतील उत्पादन १९९५ मध्ये थांबले, तरी ते इंग्लंडमध्ये चालू राहिले. तेथे कंपनीने हेच तत्त्व आपल्या व्यवसायाचा पाया मानल्यामुळे ‘६०६’ टिकली. टिकाऊपण हा वस्तूचा गुण असतो तितकाच तो संस्थेचाही गुण असतो, हा या दोन कंपन्यांच्या तुलनेतून निघणारा निष्कर्ष आहे.

दुसरी मर्यादा किमतीची आहे. राम्स यांचे फर्निचर सर्वसामान्यांच्या आवाक्यातले कधीच नव्हते. पश्चिम जर्मनीतील बहुसंख्य कुटुंबांनी भिंतभर लाकडी कपाटच पसंत केले. साधी वस्तू सामान्य माणसासाठी, हे आधुनिकतावादाचे जुने वचन येथे अपुरे राहिले. याउलट नकला मात्र पुष्कळ झाल्या. ‘६२०’ खुर्चीची नक्कल झाल्यावर प्रकरण न्यायालयात गेले आणि १९७३ मध्ये जर्मनीत या खुर्चीला कलाकृतीप्रमाणे स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळाले. ‘न दिसणारी’ वस्तू कायद्याच्या दृष्टीने कलाकृती ठरावी, यातील विसंगती बोलकी आहे. जिने मागे राहायचे तीच वस्तू पुढे संग्रहालयात आणि लिलावात पुढच्या रांगेत जाऊन बसली.

राम्स यांना या साऱ्याची जाणीव होती असे दिसते. २०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या गॅरी हस्टविट यांच्या माहितीपटात, पुन्हा आयुष्य मिळाले तर आपण अभिकल्पकार होणार नाही, जगात अनावश्यक वस्तू फार झाल्या आहेत, असा त्यांचा सूर आहे. ऐंशी वर्षे ओलांडलेल्या व्यक्तीची ही खंत म्हणून ती बाजूला सारता येणार नाही. १९७६ च्या व्याख्यानातील भूमिकेचीच ती सुसंगत परिणती आहे.

उल्म ते मुंबई : एक दुवा

ज्या उल्मच्या विचारविश्वात ब्राउनचा अभिकल्प घडला त्याचा एक धागा आपल्याकडेही आलेला आहे, त्याची नोंद येथे करणे उचित होईल. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाचे विद्यार्थी सुधाकर नाडकर्णी यांनी १९६० च्या दशकात उल्म येथे शिक्षण घेतले. तेथील अंतिम प्रकल्पासाठी त्यांनी मुंबईच्या रस्त्यावरील दूध-वितरण केंद्राचा विषय निवडला. पुढे १९६९ मध्ये पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले, त्याच्या उभारणीत नाडकर्णी यांचा प्रमुख वाटा आहे. उल्मची साधेपणाची शिस्त येथे येताना दिवाणखान्याऐवजी दुधाच्या रांगेत उभ्या असलेल्या नागरिकाकडे वळली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. अल्प साधनांत अनेकांची सोय हा त्या शिस्तीचा मूळ हेतू होता. जर्मनीत तो हेतू किमतीपाशी अडला. मुंबईत निदान प्रश्न तरी योग्य जागी विचारला गेला.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. अल्पतावादी गृहरचनेवर राम्स यांचा प्रभाव निःसंशय आहे. परंतु तो ‘रिकाम्या खोली’च्या स्वरूपात शोधल्यास चुकीच्या जागी शोधल्यासारखे होईल. त्यांनी उपकरणाला फर्निचरच्या वेशातून मुक्त केले आणि फर्निचरला दिसण्याच्या हव्यासातून. त्यामुळे खोलीत माणसाला व त्याच्या नित्याच्या वस्तूंना जागा मिळाली. या रचनेच्या मुळाशी सुतारकामातून आलेला टिकाऊपणाचा आग्रह, युद्धोत्तर समाजाला भपक्याविषयी वाटणारा अविश्वास आणि लहान सदनिकेची गरज ही तीन कारणे होती. बाजाराने त्यांतून पांढरा रंग, सरळ रेषा आणि मोकळी जमीन उचलली, कारण त्या गोष्टी छायाचित्रात दिसतात आणि विकता येतात. दीर्घकाळ न बदलणे दिसत नाही आणि विकताही येत नाही.

अभिकल्पाच्या इतिहासलेखनासाठी यातून एक पद्धतिविषयक बोध मिळतो. घराच्या अंतरंगाचा अभ्यास केवळ छायाचित्रांवरून करणे अपुरे आहे. वस्तू घरात केव्हा आली, किती वेळा दुरुस्त झाली, कोणत्या पिढीकडे गेली आणि केव्हा टाकली गेली, या नोंदी इतिहासाच्या साधनांत समाविष्ट झाल्या पाहिजेत. एखादी खोली किती साधी आहे हे तिचा उंबरठा ओलांडून किती सामान आत आले आणि किती बाहेर गेले, यावरून ठरते. या कसोटीवर पुस्तकांनी भरलेली, पण साठ वर्षे तीच असलेली ‘६०६’ मांडणी ही दर दोन वर्षांनी नव्याने सजविलेल्या मोकळ्या दिवाणखान्यापेक्षा अधिक अल्पतावादी ठरते.